नात्याचं माणूस नमुन्यात चालत नाही

दि. १४ नोव्हेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफ कर. तुझं पाकीट वेळेवर आलं होतं. पोस्टाचा दोष नाही, माझाच आहे. रोज जेवण झालं की मी तो कागद काढून बसायचो आणि परत घडी घालून उशाखाली ठेवायचो. खोटं कशाला सांगू, मला राग आला होता. चष्मा पुसून पुसून वाचलं, पण अक्षरं काही बदलली नाहीत. 'आपली नमुना म्हणून निवड करण्यात आली आहे.'

आता तूच सांग. मी लिफ्टवर नोकरीला होतो तेव्हा एखादं तऱ्हेवाईक माणूस उतरून गेलं की मी आणि आमचा पहारेकरी एकमेकांकडे बघायचो आणि म्हणायचो, काय नमुना आहे. तो शब्द मी जन्मभर दुसऱ्यांना लावला. म्हातारपणी तोच माझ्या भाचीच्या मुलीने छापील कागदावर मला लावून पाठवावा, म्हणजे काय म्हणायचं? माझं काही चुकलं का, तुझी आई माझ्याबद्दल घरात काही बोलली का, असं मनात येत राहिलं.

शेवटी तुझ्या आईला फोन केला. ती भराभर बोलली. मला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही हे सांगायला बरं वाटत नाही, म्हणून मी सगळ्याला हो हो म्हणतो. एवढं समजलं की तू कॉलेजात समाजशास्त्र घेतलं आहेस, संशोधन कसं करतात याचा तुला एक पेपर आहे, आणि त्यासाठी तू एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना प्रश्न विचारते आहेस. मग ती म्हणाली, 'मामा, तुम्ही भरून द्याल ना?' मी हो म्हटलं. पुढे तिने आणखी काही विचारलं, त्यालाही हो म्हटलं. ते काय होतं कोण जाणे. तुला माहीत असेल तर कळव, नाहीतर मी कशाला तरी कबूल झालेला असेन.

कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ आहे. 'निवडक उत्तरदात्यांची त्यांच्या घरी जाऊन सखोल मुलाखत घेण्यात येईल.' उत्तरदाता म्हणजे मीच ना? मला कोणी दाता म्हणण्याची ही पहिलीच वेळ. त्या ओळीबद्दल विचारायचं आहे. घरी येणार ते कोण येणार? तू स्वतः, की कॉलेज कोणाला पाठवणार? आणि निवडक म्हणजे कोणत्या उत्तरांना निवडतात? सगळं ठीक आहे असं लिहिलं तर तुम्ही म्हणाल, याच्याकडे जायची गरज काय. फारच वाईट लिहिलं तर तुझी आई घाबरेल आणि मला कुठेतरी नेऊन ठेवायचं बघेल. मधलं काहीतरी लिहावं असं वाटतं, पण मधलं म्हणजे किती, ते कळत नाही.

तुला आठवणार नाही. तू लहानशी होतीस तेव्हा आईबरोबर माझ्या लिफ्टमध्ये आली होतीस. मी जाळीचं दार ओढलं आणि तू मधोमध उभी राहून गरगर फिरायला लागलीस, ती वरचा मजला येईपर्यंत. तेव्हापासून मी तुला भिंगरी म्हणतो. त्यानंतर तुला पाहिलं ते गर्दीतच. आता रस्त्यात समोर आलीस तर ओळखेन की नाही, याची धास्ती वाटते.

आईला आशीर्वाद सांग. मी रागावलो होतो हे सांगू नकोस.

तुझा मामाआजोबा


दि. २१ नोव्हेंबर

प्रिय मामाआजोबा,

साष्टांग नमस्कार. कान धरते. तुमचं पत्र वाचून आधी हसले आणि मग रडकुंडीला आले. ते वाक्य माझं नाही हो, वर्गात सगळ्यांनी एकच कागद छापून घेतला. मॅडमना तुमचं म्हणणं वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, 'आजोबांचं बरोबर आहे. शब्द आपल्याला कळतो म्हणून पुढच्याला तसाच कळेल हे धरून चालू नये, हाच पहिला धडा.' आणि मला उभं करून तो धडा वर्गाला सांगायला लावला. तुमच्यामुळे माझी वरात निघाली, म्हणजे फिटंफाट.

नमुना म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. शहरात एकटे राहणारे म्हातारे पुष्कळ. सगळ्यांकडे जाणं मला शक्य नाही. म्हणून थोड्यांना विचारायचं आणि बाकीच्यांचा अंदाज करायचा. तुम्ही त्या भांड्यातलं शीत. झालं समाधान?

उत्तरं मोजूनमापून लिहू नका. खरं असेल तेच लिहा. मुलाखतीसाठी कोण हे उत्तरं बघून ठरत नाही. आम्ही चिठ्ठ्या टाकतो. आलेल्या कागदांवर आकडे असतात, नावं नसतात, त्यातले थोडे डोळे मिटून उचलायचे. म्हणजे वशिला नाही आणि रडणाऱ्याचं ऐकून घेतलं, हसणाऱ्याचं राहिलं असंही नाही. ज्याचा आकडा निघेल त्याच्याकडे मी स्वतः जाणार. कॉलेज कोणाला पाठवत नाही, बसचा पासदेखील माझाच.

या विषयात शब्द असे आहेत की तुम्हाला ऐकवायलाच हवेत. जे बदलतं त्याला 'चल' म्हणतात. दुसऱ्यावर विसंबून बदलतं ते 'अवलंबी चल'. परवा मी रात्री पाठ करत होते, 'स्वतंत्र चल, अवलंबी चल,' तर आई आतून म्हणाली, 'एवढ्या रात्री कुठे चाललीस?' आणि अभ्यास सुरू करायच्या आधी आपण जे खरं मानून चालतो ते 'गृहीतक'. माझं गृहीतक असं की ज्याच्या दाराला दार लागून आहे, तो कमी एकटा. बघू, टिकतं का.

सोबत आणखी एक कोरा कागद पाठवते आहे. तुमच्या इमारतीत एकटं राहणारं कोणी असेल तर द्याल का? तुम्ही वाचू नका, त्यांचं त्यांनी भरायचं.

आई तुम्हाला फोनवर दुसरं काय म्हणाली ते विचारलं. ती म्हणाली, 'थंडीत इकडे राहायला याल का, असं विचारलं. ते हो म्हणाले, पण मला माहीत आहे, ते सगळ्यालाच हो म्हणतात.'

तुमची
भिंगरी


दि. ३ डिसेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

दोन्ही कागद सोबत पाठवतो आहे. माझा उघडा आहे, दुसरा चिकटवलेला. तो का चिकटवलेला ते पुढे सांगतो.

आधी तुझ्या प्रश्नांबद्दल. सोपे दिसतात, पण त्यांनी मला फार छळलं. 'सामान्य दिवशी आपण किती व्यक्तींशी बोलता?' बोलणं कशाला धरायचं ते तू लिहिलेलं नाहीस. सकाळी दूधवाला 'दूध' म्हणतो, मी 'हं' म्हणतो. हे बोलणं झालं का? वाण्याकडे मी काही म्हणायच्या आत तो नेहमीची पिशवी पुढे करतो. जिन्यात कोणी भेटलं तर मी भिंतीला सरकतो आणि ते 'थँक्यू' म्हणतात. नळ गळतो त्याला मी 'पुरे आता' म्हणतो, तो धरायचा नाही एवढं मलाही कळतं. मी आधी एक आकडा लिहिला होता, तो खोडला. वरकमाईसारखा वाटला. मग खरा लिहिला, तो इतका लहान दिसायला लागला की शेजारी कंसात 'रविवारी जास्त' असं लिहिलं. रविवारी जास्त नसतात. तेवढं तू खोड.

लिफ्टवर होतो तेव्हा हा प्रश्न आला असता तर मी सगळ्यांत वर असतो. पण तेही बोलणं मजल्यापुरतंच असायचं. 'आज उकडतंय' म्हणेपर्यंत दार उघडायचं, त्याच्यावर मी काय म्हणणार होतो ते माझ्यापाशीच राहायचं. शिवाय लिफ्टमध्ये माणसं दाराकडे तोंड करून उभी राहतात. मी लोकांना पाठमोरंच जास्त ओळखतो. कोणाची कॉलर कशी आहे ते आजही सांगेन.

'अडचण आल्यास प्रथम कोणाला हाक माराल?' यात मी तुझ्या आईला लिहिलं आहे. नाव लिहायचं नव्हतं म्हणून 'भाची' लिहिलं. तिला सांगू नकोस, नाहीतर तिला वाटेल मी अडचणीची वाट बघतो आहे. थंडीत तिकडे यायचं मी फोनवर खरंच ऐकलं नव्हतं. आता ती परत विचारणार नाही आणि मी आपणहून कसं म्हणू? राहू दे.

आता दुसरा कागद. माझ्या दारासमोर दार आहे, त्यात एक बाई राहतात. कचेरीत टायपिस्ट होत्या असं पत्रपेटीवरच्या जुन्या पाकिटांवरून कळलं होतं. मी इथे आलो तेव्हापासून त्या आहेत, पण आमचं बोलणं नाही. भांडण नाही काही. सुरुवातीला राहिलं ते राहिलंच. तुझा कागद हातात घेऊन मी त्यांचं दार वाजवायला गेलो आणि परत आलो, असं काही दिवस झालं. अखेर वाजवलं. साखळी लावूनच त्यांनी दार उघडलं.

'कोण?'

'मी समोरचा.'

'समोरचा कोण?'

'समोरच्या दाराचा.'

'ते दिसतंय. काम काय?'

'काम माझं नाही. नातीचं आहे.'

'मग नातीला पाठवा.'

'ती लांब असते.'

'सगळ्यांच्याच असतात,' असं म्हणून त्यांनी फटीतून हात काढून कागद घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाकिटात घालून माझ्या दाराखालून सरकवला होता. वर लिहिलं होतं, 'तुम्ही वाचाल म्हणून चिकटवलं आहे.' मी वाचणारा नव्हतो. पण तेव्हापासून त्या दिसल्या की मान हलवतात आणि मीही हलवतो. हे बोलणं धरायचं का?

शिताचं तू म्हणतेस ते पटलं, फक्त एक गोष्ट मनातून जात नाही. भात शिजला का बघायला शीत काढतात, चिमटीत दाबतात. ते परत भांड्यात टाकत नाहीत. दाबून झाल्यावर त्या शिताचं काय करतात, ते तुझ्या पुस्तकात आहे का?

चिठ्ठ्या कधी टाकणार ते कळव. मी उगाच घरात एक खुर्ची रिकामी ठेवली आहे, तिच्यावरचे कपडे आता दोरीवर टाकतो.

तुझा मामाआजोबा


दि. १५ डिसेंबर

प्रिय मामाआजोबा,

घाईत लिहिते आहे, प्रकल्प महिनाअखेर द्यायचा आहे आणि माझं निम्मंही झालेलं नाही.

एक वाईट बातमी. तुमचा कागद मॅडमनी बाजूला काढला. रागावू नका, चूक माझीच, मी आधी विचारायला हवं होतं. नात्याचं माणूस नमुन्यात चालत नाही. त्या म्हणाल्या, 'ओळखीच्यांची उत्तरं आपण आपल्याला हवी तशी वाचतो, आणि तेही आपल्याला आवडतील अशी देतात.' मी खूप भांडले. म्हटलं, 'आमचे मामाआजोबा आकडा खोडून खरा लिहितात.' त्यांनी विचारलं, 'आणि तुला ते खोडलेलं दिसल्यावर काय वाटलं?' तुमचा बोलण्याबद्दलचा मजकूर मात्र त्यांनी वाचून दाखवायला मागून घेतला. 'बोलणं म्हणजे काय ते आधी ठरवा, मग मोजा,' असं त्यांनी फळ्यावर लिहिलं. त्याखाली तुमचं नाव नाही, पण मला माहीत आहे.

चांगली बातमी अशी की चिठ्ठ्या टाकल्या आणि त्यात तुमच्या समोरच्या बाईंचा आकडा निघाला. मी शुक्रवारी, २३ तारखेला सकाळी त्यांच्याकडे येते आहे. त्यांना वेगळं पत्र टाकलं आहे.

मॅडम एका बाबतीत फार कडक आहेत. सखोल मुलाखत चालू असताना उत्तर देणाऱ्याच्या आसपास ओळखीचं कोणी असता कामा नये. माणूस मग मोकळेपणी बोलत नाही. आणि मुलाखत घेणारी मी ही तुमची नात, हे तर बाईंना ठाऊकच आहे, म्हणून जास्तच जपायला हवं. तेवढं तुम्ही कृपा करून सांभाळा. माझे मार्क त्यावर आहेत.

बाकी भेटीत.

भिंगरी


दि. १९ डिसेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. समजलं.

वगळलं त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. माझं आयुष्य वगळलं जाण्यातच गेलं, पण ते नेहमी नातं लांबचं म्हणून. नातं जवळचं आहे म्हणून कोणी वगळलं, असं प्रथमच झालं. तो कागद फाडू नका म्हणावं तुझ्या मॅडमना. बाजूला म्हणजे कुठे ठेवला आहे?

पत्राच्या शेवटी 'बाकी भेटीत' लिहिलं आहेस. ते आपण रीत म्हणून लिहितो, मीही लिहितो.

शुक्रवारचं तू निर्धास्त राहा. माझ्याकडून तुझ्या मार्कांना धक्का लागणार नाही. जिन्याचा दिवा खालच्या वळणावर लागत नाही, तिथे हात धरून चढ. बाईंना मोठ्याने बोललेलं आवडत नसावं.

तुझा मामाआजोबा


दि. २६ डिसेंबर

प्रिय मामाआजोबा,

कुठे होतात तुम्ही?

बाईंकडची मुलाखत आटोपली आणि मी तुमचं दार वाजवलं. मग लक्षात आलं की बाहेरून कुलूप आहे. मला वाटलं खाली दूध आणायला गेला असाल. पायरीवर बसले. बाईंनी दार उघडून सांगितलं, 'ते सकाळीच गेले. हातात डबा होता, गळपट्टा होता. डबा नेला म्हणजे लवकर येणार नाहीत.' मी विचारलं, 'रोज जातात का?' त्या म्हणाल्या, 'कधीच जात नाहीत.' दुपारच्या बसपर्यंत बसून राहिले. तुमच्यासाठी आईने विणलेले पायमोजे आणले होते, ते बाईंकडे ठेवून आले आहे.

नमुन्यातून काढलं म्हणून रागावलात का? तसं असेल तर सरळ रागवा, पत्र लिहून, सगळे शब्द वापरून. पण कुलूप लावून जाऊ नका. तुमच्याकडे येणार हे मी वेगळं लिहिलं नाही, कारण मी ते गृहीत धरलं होतं. समोरच्या दाराशी येऊन मी तुमच्याकडे येणार नाही, असं कसं होईल? परत येताना बसमध्ये मला मॅडमचं वाक्य आठवलं, 'आपल्याला कळतं म्हणून पुढच्याला कळेल हे धरून चालू नये.' वर्गापुढे उभी राहून मीच ते सांगितलं होतं.

बाई काय बोलल्या ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. उत्तर देणाऱ्याचं बोलणं गोपनीय असतं, मी तसा शब्द दिला आहे. पण तुम्ही पायमोजे आणायला त्यांचं दार वाजवाच. आणि वाजवायचं ते लवकर वाजवा. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

तुमची
भिंगरी


दि. १४ जानेवारी

मामाआजोबा,

उत्तर नाही. फोनही उचलत नाही. आई म्हणते, 'रुसले असतील, येतील ताळ्यावर.' मला तसं वाटत नाही. एक ओळ पाठवा. नुसतं 'हं' लिहिलंत तरी मी बोलणं धरीन.

भिंगरी


दि. २५ जानेवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पुन्हा उशीर झाला. या वेळी रागाने नाही. मला ताप होता, आता नाही. बसून लिहितो आहे, म्हणजे बरा आहे असं समज आणि आईला घाबरवू नकोस.

मी रुसलो नव्हतो. तू लिहिलं होतंस की ओळखीचं कोणी आसपास असता कामा नये. आसपास म्हणजे किती, ते लिहिलं नव्हतंस. आमच्या दोन दारांत चार माणसं उभी राहतील एवढाच बोळ. मी खोकलो तरी तिकडे ऐकू जातं. मग मी घरात राहून काय सांभाळणार? तू माझ्याकडेही येशील असं मला वाटलं नाही. म्हणजे वाटलं होतं, पण पत्रात नव्हतं, आणि नमुन्यातून तर मी गेलो होतो. माझ्या खोकल्याने तुझे मार्क गेले असते तर मी तुला काय तोंड दाखवलं असतं? म्हणून डबा घेऊन बाहेर पडलो. बाई म्हणाल्या ते खरं आहे, मी कधीच जात नाही. मला कुठे जायचं ते सुचेना. शेवटी नोकरीच्या इमारतीकडे गेलो.

तिथे नवा पहारेकरी आहे. त्याने विचारलं, 'कुठल्या मजल्यावर जायचंय, बाबा?' मी म्हटलं, 'कुठल्याच नाही, नुसतं लिफ्टमध्ये बसायचंय.' तो हसला, पण सोडलं. स्टूल काढून टाकलं आहे. जाळीच्या जागी पोलादी दार आहे, ते आपलं आपण मिटतं. मजला आला की आतून एक बाई सांगते. दिसत नाही, नुसता आवाज. दरवेळी तोच सूर. मी माझ्या जुन्या कोपऱ्यात उभा राहिलो. माणसं आली, दाराकडे तोंड करून उभी राहिली, गेली. एकाने मला विचारलं, 'तुम्हाला उतरायचं नाही का?' मी म्हटलं, 'हं.' मग बाहेर येऊन बाकावर डबा खाल्ला आणि दिवस कलेपर्यंत तिथेच बसलो. तुझी मुलाखत किती लांबते याचा अंदाज नव्हता, सखोल आहे म्हणाली होतीस. गारवा तिथेच बाधला.

तुझं पुढचं पत्र आलं तेव्हा अंगात कणकण होती. मोजे आणायला बाईंचं दार वाजवा असं तू लिहिलंस, तेही लवकर. त्याचा मी भलताच अर्थ लावला. वाटलं, मुलाखतीत त्यांनी माझी तक्रार केली असणार. माझा रेडिओ, माझा खोकला, पहाटे बादली भरण्याचा आवाज. तू गोपनीय म्हणून सांगत नाहीस आणि मी जाऊन माफी मागावी असं सुचवते आहेस. त्या भीतीने मी रेडिओ बंद ठेवला, तोंडात पदर धरावा तसा टॉवेल धरून खोकायला लागलो आणि दार काही वाजवलं नाही. आज जातो, उद्या जातो करत ताप चढला.

तुझ्या कागदावर मी 'भाची' लिहिलं होतं. अडचण आली तेव्हा मी कोणालाच हाक मारली नाही. फोन वाजत होता तो ऐकू येत होता, पण उठून तिथपर्यंत जाववेना. शेवटी दार वाजलं ते बाईंनी वाजवलेलं. मी ते कसंबसं उघडलं.

त्या म्हणाल्या, 'रेडिओ बिघडला का?'

मी म्हटलं, 'नाही. तुम्हाला त्रास नको म्हणून बंद ठेवला.'

'मला सकाळच्या बातम्या तुमच्याच रेडिओवर ऐकायची सवय आहे. कोणी सांगितलं त्रास होतो म्हणून?'

'कोणी नाही.'

'मग?'

त्यांनी कपाळाला हात लावून बघितला, आत जाऊन पाणी तापवलं, मोजे आणून दिले. दोन्ही दारं त्या दिवशी उघडीच राहिली. पुढचे दिवस त्या सकाळ-संध्याकाळ येत होत्या. तुझ्या रिकाम्या खुर्चीत बसायच्या. मी एकदा विचारलं, 'अडचण आल्यास कोणाला हाक माराल, त्यात तुम्ही काय लिहिलंत?' त्या म्हणाल्या, 'ते गोपनीय आहे. तुम्ही काय लिहिलंत?' मी म्हटलं, 'माझंही गोपनीय आहे.' मग आम्ही दोघं हसलो. मला हसताना खोकला आला, तर त्या म्हणाल्या, 'खोका हो मोकळेपणी. मी काय आज ऐकते आहे का?'

काल त्या गेल्या. भावाकडे, कायमच्या. त्यांचं घर त्यांनी तुझ्या मुलाखतीच्या आधीच सोडायचं ठरवलं होतं. टेम्पोत खाटेबरोबर टाइपरायटर चढवताना त्यांनी हमालाला दोनदा हळू म्हटलं आणि मला एकदाच, 'रेडिओ लावत जा,' असं. तुला हे सगळं ठाऊक होतं. तू मला लवकर वाजवा असं का लिहिलंस ते आता कळलं. तू शब्द पाळलास ते योग्यच केलंस, नाहीतर उद्या तुझ्याशी कोण खरं बोलेल? पण आज सकाळी मी बातम्या लावल्या, आवाज नेहमीपेक्षा मोठा ठेवला, आणि मग लक्षात आलं की समोर कुलूप आहे.

तुझं ते गृहीतक, दाराला दार लागून असलेला माणूस कमी एकटा. त्याबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की दार नुसतं लागून असून भागत नाही. प्रकल्प देऊन झाला असेल तर राहू दे, उगाच खाडाखोड नको.

जाण्यापूर्वी बाईंनी सांगितलं की तू माझ्या पायरीवर बसली होतीस तेव्हा कंटाळून उभी राहिलीस आणि बोळात एकदा गरगर फिरलीस. कोणी बघत नाही असं तुला वाटलं असेल. त्या दाराच्या फटीतून बघत होत्या. म्हणजे मी तुला रस्त्यात ओळखलं असतं.

आता माझा एक कागद तुला. मी तुझ्यासारखाच केला आहे, पण प्रश्न एकच आहे आणि सगळं लिहून स्पष्ट केलं आहे, म्हणजे तुझ्या मॅडमना नाव ठेवायला जागा नको. मी या थंडीत तुमच्याकडे येऊ शकत नाही, ती संपत आली आणि आईने परत विचारलेलं नाही. म्हणून असं विचारतो.

प्रश्न : परीक्षा संपल्यावर तू मामाआजोबांकडे येशील का? येणे म्हणजे दार वाजवून आत येणे, खुर्चीत बसणे आणि चहा पूर्ण पिणे. मुलाखत घेणे गरजेचे नाही.

( ) होय
( ) नाही
( ) सांगता येत नाही

कागदावर नाव घालायची गरज नाही, अक्षर मी ओळखतो. वेळ नसेल तर नुसती खूण कर आणि पाकिटात घाल, पाकिटावर तिकीट मी लावून ठेवलं आहे. 'नाही'वर केलीस तरी मी समजून घेईन. फक्त तिसऱ्यावर करू नकोस, त्यावर मला खुर्चीचं काय करायचं ते कळणार नाही. लवकर पाठव.

तुझा मामाआजोबा